दसऱ्याला आम्ही जहाजावर

उदयराव खांबेट्यांना 'नाही' म्हणता येत नसे. म्हणजे कारखान्यात यायचं. म्हैसूरच्या मेटगळ्ळी भागातल्या एका कारखान्यात ते क्वालिटीचे मुख्य होते आणि लोकांचा माल परत पाठवणं हाच त्यांचा धंदा होता. केसभर फरक दिसला की आख्खा लॉट नापास, मग पुरवठादार समोर बसून रडला तरी ऐकायचे नाहीत. पण संध्याकाळी कुवेंपुनगरच्या घरी फोन वाजला आणि पलीकडून "काय रे उदय, यंदा दसऱ्याला यावं म्हणतोय" असं ऐकू आलं, की हाच कर्दनकाळ "या की! घर आपलंच आहे!" म्हणून मोकळा व्हायचा. घर आपलं असतं हे खरं, पण स्वयंपाकघर जानकीचं असतं, एवढा बारकावा त्या वेळी त्यांच्या लक्षात यायचा नाही.

नोकरीसाठी म्हैसूरला येऊन राहिलेल्या मराठी माणसाला दसरा म्हणजे काय असतो, हे पुण्या-सांगलीत बसून कळायचं नाही. खांबेटे पुण्यात होते तेव्हा जे नातेवाईक लग्नाच्या पंगतीतसुद्धा ओळख दाखवत नसत, ते म्हैसूरचा पत्ता कळताच प्रेमानं व्याकूळ झाले. राजवाडा, दिवे, हत्तींची मिरवणूक, प्रदर्शन, चामुंडीची टेकडी, आणि परत येऊन गरम पोळ्या. दर दसऱ्याला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये गाद्यांवर गाद्या पडत. उदयराव रिक्षांच्या फेऱ्या करून मंडळींना गाव दाखवत. जानकी ओट्यापाशी. इतके दसरे म्हैसुरात काढून तिनं राजवाड्याची रोषणाई पाहिली होती ती टीव्हीवर, तीही पोळी लाटता लाटता मान वाकडी करून.

गेल्या दसऱ्याला शेवटचा पाहुणा, जाताना डब्यात लाडू भरून घेऊन, जिना उतरला आणि जानकी खुर्चीत बसली. बसली ती तासभर उठलीच नाही.

"उदय," ती म्हणाली, "पुढच्या दसऱ्याला मी पाहुण्यांसाठी ओट्यापाशी उभी राहणार नाही. तू सांग त्यांना. नाहीतर मी माहेरी निघून जाईन. पण माहेरचेही इथंच येतात, म्हणजे तेही जमायचं नाही. तेव्हा तूच सांग."

उदयरावांना बायकोचं म्हणणं पटलं. अगदी मनापासून पटलं. फक्त ते पाहुण्यांना सांगायचं कसं, एवढंच त्यांना सुचेना. तारा आत्याला, जिनं त्यांना लहानपणी न्हाऊमाखू घातलं, तिला "येऊ नकोस" म्हणायचं? त्यापेक्षा समुद्रात उडी मारलेली बरी, असं त्यांच्या मनात आलं, आणि तिथंच त्यांना युक्ती सुचली. नाही म्हणायचंच नाही. आपण घरात नसायचंच! माणूस घरात नसला की पाहुणचाराचा प्रश्न उरत नाही आणि कुणाचं मनही दुखत नाही. त्यांनी मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन परत येणाऱ्या एका मोठ्या जहाजाचं तिकीट काढलं, अष्टमीला निघून एकादशीला परत. बरोबर 'लग्नाचा वाढदिवस' पॅकेजही घेतलं. त्यांच्या लग्नाचा वाढदिवस मे महिन्यात असतो, पण त्या पॅकेजमध्ये केक फुकट होता.

कारखान्यात रजेवरून कटकट झालीच. नवमीला आयुधपूजा. त्या दिवशी यंत्रांना हळदकुंकू लागतं, गाड्यांखाली लिंबं चिरडतात, आणि क्वालिटीच्या मुख्यांनी आपल्या मोजमापाच्या उपकरणांना हार घालायचा असतो. साहेब म्हणाले, "मायक्रोमीटरची पूजा कोण करणार?" उदयरावांनी लेखी कळवलं, की पूजा हाताखालच्या माणसाकडे सोपवली आहे आणि नारळाची तपासणी आगाऊ केलेली आहे. यावर तीन सह्या लागल्या.

मग त्यांनी अभ्यास सुरू केला. जहाजप्रवासाचे झाडून सगळे व्हिडिओ पाहिले. महिन्याभरात ते या विषयातले अधिकारी पुरुष झाले. स्वतः आयुष्यात बोटीत बसले होते ते एकदाच, रंगनथिट्टूला पक्षी बघायच्या होडीत, आणि तिथंही मगर दिसल्यावर त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. पण अधिकाराला अनुभव लागतोच असं नाही. रोज संध्याकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये त्यांचं व्याख्यान रंगू लागलं. खोली जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्यावी, तिथं हेलकावे कमी लागतात. मोठ्या बॅगा खोलीत पोचायला संध्याकाळ होते, म्हणून एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवावा. आल्याच्या वड्या जवळ बाळगाव्यात. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे खोलीत प्लग एकच असतो, तेव्हा एक्स्टेन्शन बोर्ड न्यायलाच हवा.

श्रोते म्हणजे शेजारचे कृष्णाजी. यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं. एके काळी कापड रंगवायचे, आता मुलगा रविकिरण गाड्यांच्या बॅटऱ्या विकतो. घरात मराठीच बोलतात, पण त्या मराठीनं कानडीशी कधीच संसार थाटलेला आहे.

"अय्यो उदयराव, समुद्राला काय भ्यायचं हो?" कृष्णाजी म्हणाले. "केआरएसचं धरणच की ते. स्वल्प मोठं."

"तसं नाही कृष्णाजी, लाटा असतात."

"असू देत की. लाटा आल्या तर जहाज हलतंय, आपण सुम्ने, गप बसायचं. तुमी कशाला हलताय?"

एवढ्यात तारा आत्याचा सांगलीहून फोन आला. उदयराव तयारीतच होते. घसा साफ करून ते म्हणाले, "आत्या, यंदा दसऱ्याला आम्ही नाही. आम्ही क्रूझला चाललोय." झालं! सांगून झालं होतं! इथं त्यांनी फोन ठेवला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण आत्या गप्प झाली. आत्याच्या गप्प बसण्याला वजन असे. ते वजन उदयरावांना पेलवेना. शांतता भरून काढायला ते बोलत सुटले. जहाज किती मोठं, जेवण किती प्रकारचं, खोली कुठली घ्यावी, बोर्ड कसा न्यावा, आठ-दहा जण असले तर सवलत कशी मिळते. आणि शेवटी, फोन ठेवताना, अनेक वर्षांच्या सवयीनं त्यांच्या तोंडून जे जायचं ते गेलंच.

"मजा येते म्हणतात, आत्या. तुम्हीपण या की!"

आता हे कुणी मनावर घ्यायचं असतं का? पण आत्यानं घेतलं. आत्याबरोबर तिचे यजमान श्रीनिवासकाकाही यायचे होते, पण त्यांना तिकीट मिळेना, म्हणून ते प्रतीक्षायादीत ताटकळत राहिले. आत्यानं पुण्याच्या कुशलला सांगितलं. कुशल म्हणजे उदयरावांचा मावसभाऊ. त्यानं आपल्या बायकोला, देवश्रीला सांगितलं. देवश्रीनं माहेरी सांगितलं. आठवड्याभरात व्हॉट्सॲपवर 'दसरा समुद्रावर' असा गट तयार झाला आणि उदयरावांना त्याचं प्रमुख करण्यात आलं.

त्यांनी हे जानकीला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती.

"किती जण?"

"चौदा."

"कोण चौदा?"

"तेच. दरवर्षीचे."

जानकीनं सुरी खाली ठेवली. उदयराव दोन पावलं मागे सरकले. पण ती ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, "जहाजावर यांचं जेवणखाण कोण बघतं?"

"जहाजवाले."

"आणि चहा? गाद्या? आंघोळीचं पाणी?"

"सगळं तेच. आपण काही बघायचं नाही."

"हं," जानकी म्हणाली, आणि पुन्हा भाजी चिरू लागली. उदयरावांना वाटलं, सुटलो!

अडचण आणखी एक होती. खांबेट्यांकडे नवरात्रात घट बसतात. नऊ दिवस दिवा विझू द्यायचा नाही आणि घराला कुलूप घालायचं नाही, असा उदयरावांच्या आईचा दंडक. तेव्हा निघाल्यापासून घट उठेपर्यंत कृष्णाजींच्या बायकोनं, जमुनाबाईंनी, घरात बसून दिवा सांभाळायचा, असं ठरलं होतं. जमुनाबाई अगदी आनंदानं कबूल झाल्या होत्या. पण निघायच्या आठवडाभर आधी कृष्णाजी पार्किंगमध्ये आले ते नवी टोपी घालूनच.

"उदयराव, रविकिरण आमचं पण तिकीट काढलाय! तुमचं ऐकून ऐकून मलाच ऐकवेना झालं, म्हटलं एकदा बघून येऊ. जमुना पण येते."

"मग आमचा दिवा?"

"हौद की, खरंच की," कृष्णाजी विचारात पडले. "दिव्याला पण तिकीट काढायचं काय?"

घरात बैठक भरली. भाड्यानं माणूस ठेवावा का, दिवा विजेचा लावला तर देवीला चालेल का, यावर उदयराव पुष्कळ बोलले. जानकीनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "मी राहते. तू जा."

उदयरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. बिचारी! ते म्हणाले, "मग मीही जात नाही." त्यावर जानकी म्हणाली, "असं कसं? चौदा जणांना तू 'या की' म्हणालायस. त्यांना कोण बघणार?" व्हॉट्सॲपच्या गटावर ही बातमी गेली तेव्हा जोडलेल्या हातांचा पाऊस पडला. तारा आत्यानं लिहिलं, 'अशा सुना आता होत नाहीत.' आणि लगोलग विचारलं, 'तिच्या जागी ह्यांना घेता येईल का?'

तिकिटावरचं नाव बदलण्यासाठी उदयरावांनी जहाज कंपनीला फोन लावला. तिथं आधी गाणं वाजलं. मग एका बाईनं त्यांचा फोन किती मोलाचा आहे ते सांगितलं आणि तो तोडला. असं बऱ्याच वेळा झाल्यावर एक जिवंत मुलगी सापडली. तिनं सांगितलं, नाव बदलता येईल, ओळखपत्र पाठवा, जुन्या प्रवाशाचं संमतीपत्र पाठवा, नव्या प्रवाशाचं वैद्यकीय पत्र पाठवा. "मात्र पॅकेज बदलता येणार नाही, सर." कसलं पॅकेज, हे त्या गडबडीत उदयरावांना आठवलं नाही. ते म्हणाले, "राहू दे."

अष्टमीला मुंबईच्या बंदरात सगळी वरात गोळा झाली. सामानाच्या तपासणीपाशी पहिला घोटाळा झाला. मंडळींनी उदयरावांच्या सूचना श्रद्धेनं पाळल्या होत्या. प्रत्येक बॅगेतून एक्स्टेन्शन बोर्ड निघाला. जहाजावर ती वस्तू आगीच्या भीतीनं सक्त मना आहे, हे उदयरावांनी पाहिलेल्या व्हिडिओत नव्हतं. टेबलावर बोर्डांचा ढीग झाला. त्यावर आत्याची पाण्याची विजेची किटली, कुशलची इस्त्री, आणि बाहेरचं खाणं चालत नाही म्हणून चकल्यांचे डबे येऊन बसले. अधिकाऱ्यानं विचारलं, "हे सगळं आणायला तुम्हांला कुणी सांगितलं?" तेव्हा अख्ख्या कुटुंबानं एकाच माणसाकडे बोट केलं. लोकांचा माल नापास करण्यात हयात गेलेल्या माणसाचा आख्खा लॉट भर बंदरात नापास झाला. वर, हातातल्या पिशवीत कपड्यांचा जोड सगळ्यांनी ठेवला होता. फक्त उदयरावच तो ठेवायला विसरले होते.

घामेजलेल्या शर्टानं त्यांनी आपल्या खोलीचं दार उघडलं. मागे श्रीनिवासकाका, वय शहात्तर, हातात काठी. खोलीला खिडकी नव्हती. मधोमध एकच मोठा पलंग होता. त्यावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम, आणि बदामात टॉवेलांचे घडवलेले दोन हंस, चोचीला चोच लावून. उशीवर चिठ्ठी होती, 'तुमचं प्रेम असंच फुलत राहो.'

काकांनी चष्मा पुसला. "हे कुणासाठी?"

"आपल्यासाठी, काका."

काका बराच वेळ हंसांकडे बघत होते. मग म्हणाले, "मी भिंतीच्या बाजूला झोपतो. मला रात्री उठावं लागतं."

रात्री जेवणाच्या दालनात याहून भयंकर झालं. दिवे मंद झाले. गिटार घेऊन चार मुलं आली, मागून मेणबत्त्या लावलेला केक, आणि ती वरात थेट उदयराव आणि काकांच्या टेबलापाशी येऊन गाऊ लागली. उदयरावांनी हातवारे करून त्यांना घालवायचा प्रयत्न केला, तो त्यांना लाजल्याचा वाटला. आजूबाजूच्या टेबलांवरचे अनोळखी लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. काका मात्र खूश होते. त्यांनी केक कापला आणि पहिला घास उदयरावांना भरवला. "आमच्या लग्नात असलं काही नव्हतं," ते आत्याला म्हणाले. कुशलनं सगळ्याचा व्हिडिओ काढून गटावर टाकला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच दार वाजलं. आत्या उभी होती. "उदय, चहा कुठं मिळतो?" वास्तविक चहा जहाजावर सगळीकडे मिळत होता. पण आत्याला जिने कळेनात, लिफ्टची भीती वाटे. उदयरावांनी चहा आणून दिला. तो पाहून देवश्रीला हवासा वाटला. मग सगळ्यांनाच. कुशलला बोट लागली. त्याला आल्याच्या वड्या. आत्याला सांबार गोड लागलं, तिनं उदयरावांना सांगितलं. कुणाच्या खोलीत वारा येईना, कुणाला गादी मऊ पडली, कुणाचा टॉवेल ओला होता. प्रत्येक जण उदयरावांना सांगे, जणू जहाज त्यांनीच बांधलं होतं. लाइफ जॅकेटच्या कवायतीनंतर आत्या ते पिवळं जॅकेट अंगातून काढूच देईना, जेवायलाही तेच घालून बसली, आणि बुडायची वेळ आलीच तर उदय आपल्याजवळ असावा म्हणून त्यांना शेजारच्या खुर्चीवरून हलू देईना. समुद्र त्यांना दिसला तो चहाचे कप घेऊन जाता-येता, काचेतून.

नवमीच्या दुपारी ते डेकवर कसेबसे येऊन टेकले. पायांचे तुकडे पडायचे बाकी होते. शेजारी जमुनाबाई शाल गुंडाळून, डोळे अर्धे मिटून बसल्या होत्या.

"जमुनाबाई, तुम्हांला आवडतोय ना समुद्र?"

"अय्यो, मला कुठं यायचं होतं? पाण्याची मला भीती. जानकीच आली, माझे हात धरली. म्हणाली, जमुनक्का, तुमी जावाच. तुमी राहिलात तर दिवा तुमी बघता, मग मला जावं लागतंय." जमुनाबाईंनी एक डोळा उघडला. "हे सांगायचं नव्हतं काय की. सांगितलं बघा."

उदयराव जागेवरून उठले. त्यांना राग आला. चांगलाच आला. म्हणजे तो त्याग, ते जोडलेले हात, आपल्या डोळ्यांतलं पाणी, सगळं फुकट? जहाजाच्या इंटरनेटचं महागडं पॅकेज घेऊन त्यांनी तिथल्या तिथं व्हिडिओ कॉल लावला.

जानकी दिवाणावर आडवी होती. भरदुपारी. केस मोकळे. मागे कोपऱ्यात दिवा शांत जळत होता. इतक्या वर्षांत नवरात्रातल्या दुपारी उदयरावांनी बायकोला आडवं पाहिलेलं नव्हतं. ते काय बोलायचं ते विसरले.

"जेवलीस?" एवढंच त्यांना सुचलं.

"उपास आहे ना. पण एकटीपुरती भगर, ती काय, चुटकीसरशी होते. तुझं कसं चाललंय?"

"सगळे मलाच विचारतात. चहा कुठंय, टॉवेल कुठंय, मीठ कमी का. जानकी, सकाळपासून मी बसलेलो नाही. आणि कुणी एक शब्द विचारत नाही, की बाबा रे, तू जेवलास का."

 जानकी नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. उदयरावांचा आवाज हळूहळू खाली आला. आपण काय बोलतोय आणि कुणासमोर, हे आत्ता कुठं त्यांना कळलं.

"दिवे बघून आलीस का राजवाड्याचे?" त्यांनी विचारलं. "रविकिरणला दिव्यापाशी बसवून तासाभरात येता आलं असतं."

"झोपते रे. दिवसा झोपते, संध्याकाळी वात सारखी करते, परत झोपते." तिचे डोळे भरून आले. "उदय, मला माहीतच नव्हतं, मी एवढी दमले होते."

तेवढ्यात आत्या पिवळ्या जॅकेटमध्ये डुलत आली. "उदय, चारचा चहा!"

एकादशीला जहाज मुंबईला लागलं. सामानाची वाट बघत सगळे उभे होते. आत्या म्हणाली, "जहाज ठीकच होतं बाई, पण दसरा कसला? ना हत्ती, ना मिरवणूक. म्हैसूरचे दिवे अजून आठ-दहा दिवस असतात म्हणे. आम्ही असं करतो, तुझ्याबरोबरच येतो. आलोच आहोत तर."

चौदाच्या चौदा चेहरे उजळले. कुशलनं लगेच गाड्या बघायला फोन काढला. उदयरावांनी तोंड उघडलं. ते नेहमीचे शब्द जिभेवर येऊन बसलेही होते. त्यांनी ते गिळले.  मग कारखान्यात वापरायचा तो आवाज, जो घरातल्या कुणीही कधी ऐकला नव्हता, त्यांच्या तोंडून बाहेर पडला.

"नको, आत्या."

"म्हणजे?"

"म्हणजे येऊ नका."

गप्पपणाचं ते जुनं वजन आलं.  "घर आपलंच आहे म्हणतोस ना रे दरवेळी?"

"घर आपलंच आहे," उदयराव म्हणाले.  "पण जानकी झोपली आहे."

 श्रीनिवासकाका पुढे झाले आणि काठीनं वाट करत आत्याला म्हणाले, "चल. सांगलीची गाडी गाठू." जाता जाता त्यांनी उदयरावांच्या पाठीवर थाप मारली. कृष्णाजी आणि जमुनाबाई मुंबईतच भाचीकडे चार दिवस राहायला गेले, आणि उदयराव एकटेच म्हैसूरला निघाले. वाटेत त्यांना दोनदा आत्याला फोन करून माफी मागावीशी वाटली. दोन्ही वेळा त्यांनी फोन खिशात परत घातला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जानकीनं दार उघडलं. त्यांच्याकडे न बघता तिनं त्यांच्या खांद्यावरून जिन्यात पाहिलं. कान देऊन उभी राहिली.

"बाकीचे?"

"नाहीत."

"मागून येतायत?"

"कुणी येत नाही. मी नको म्हटलं."

"कुणाला?"

"आत्याला."

जानकीनं चौकटीला हात टेकला.  मग आत गेली, आणि कुलूप-किल्ली घेऊन बाहेर आली.

"चपला काढू नकोस. घट उठलेत, आता कुलूप लावलं तर चालतं. दिवे बघायचेत मला."

"एकटी जाऊन यायचंस ना मग इतके दिवस?"

"एकटीनं बघायचे नव्हते," ती म्हणाली, आणि कुलूप लावून भराभर जिना उतरली.

कोपऱ्यावर रिक्षा थांबली. उदयराव सवयीनं पुढे गेले आणि ड्रायव्हरच्या शेजारी, अर्ध्या सीटवर, एक पाय बाहेर टाकून बसले. पाहुण्यांना घेऊन जाताना मागे कधी जागाच उरत नसे. ड्रायव्हर त्यांच्याकडे बघत राहिला. जानकी मागच्या सीटवर कडेला सरकली आणि तिनं हाक मारली, "उदय, मागे ये. इथं जागा आहे."